कोपऱ्यातलं मूल नक्की काय करतंय?

"तसा हुशार आहे हो, पण मिसळत नाही कुणात."

शिशुवर्गाला शिकवत होते तेव्हा पालकसभेत हे वाक्य मी कितीदा म्हटलं असेल, देव जाणे. समोरच्या आईचा चेहरा 'पण'पाशी पडायचा आणि पुढची दहा मिनिटं आम्ही दोघी त्या 'पण'च्या पलीकडचंच बोलत बसायचो. 'तसा हुशार' म्हणजे कसा, कशात, कधी, हे तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. खरं तर मला ते सांगताच आलं नसतं. मी पाहिलंच नव्हतं.

त्या वाक्याचे दोन तुकडे करण्यातच चूक होती, हे पुष्कळ उशिरा कळलं. मूल एकटं असताना ज्यात रमतं, तिथूनच ते दुसऱ्या मुलापर्यंत पोचू शकतं. 'आधी मिसळू दे, मग त्याचे गुण बघू' हा क्रम उलटा आहे. साधारण तीन ते आठ वर्षांच्या मुलांचे पालक आणि शिक्षक यांच्यासाठी पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. घाईत पहिली पायरी गाळावीशी वाटते. नेमकी तीच गाळू नका.

पायरी १ : दोन आठवडे नुसतं पाहा

एक वही घ्या. शिक्षक असाल तर रोज दहा मिनिटं पुरतात, फक्त वेळ बदलती ठेवा : एक दिवस शाळा भरताना, एक दिवस मधल्या सुट्टीत, एक दिवस हस्तकलेच्या तासाला, एक दिवस शाळा सुटताना. मैदानावर खांबाला चिकटून उभी राहणारी मुलगी तिघींच्या टेबलावर कात्री मागून घेते, देते, हसतेसुद्धा. एकाच जागी पाहिलं तर तिचा अर्धाच भाग दिसतो.

लिहिताना एकच पथ्य पाळायचं. डोळ्यांना दिसलं आणि कानांना ऐकू आलं तेवढंच लिहायचं. 'घाबरला', 'रुसला', 'कंटाळला' हे सगळे आपले अंदाज असतात. ते वहीच्या समासात लिहा, शेजारी प्रश्नचिन्ह टाकून.

माझ्या वहीतली पाच वर्षांच्या एका मुलाची नोंद अशी होती :

"मधली सुट्टी. भिंतीच्या कडेला उकिडवा बसलाय. मुंग्यांची रांग. काडी आडवी ठेवली, मुंग्या वळसा घालून गेल्या. काडी थोडी सरकवली. परत पाहिलं. परत सरकवली. असं सात-आठ मिनिटं. पकडापकडीतली मुलं जवळून धावत गेली. मान वर. ती वळेपर्यंत बघत राहिला, ओठ हलले. पुन्हा मुंग्या. घंटा झाली तेव्हा रांगेत सगळ्यात पुढे."

'एकटाच बसला होता' एवढंच लिहिलं असतं तर तेही खरंच होतं, पण त्यातून हाती काहीच लागलं नसतं. या नोंदीत मात्र बरंच काही आहे. एकच गोष्ट थोडी थोडी बदलून पुन्हा पाहण्याची चिकाटी आहे. शेजारच्या खेळाकडे लक्ष आहे. ओठ का हलले ते मला चार दिवसांनी समजलं : राज्य कुणावर आहे आणि कोण कितव्यांदा बाद झालं, ते तो मोजत होता. पकडापकडी न खेळणाऱ्या या मुलाला त्या खेळाचा हिशेब खेळणाऱ्यांपेक्षा पक्का ठाऊक होता.

पालकांची अडचण वेगळी असते. शाळेत काय होतं ते त्यांना दिसत नाही आणि मूल सांगत नाही. "आज कुणाशी खेळलास?" हा प्रश्न त्याला झडतीसारखा वाटतो, कारण उत्तर "कुणाशीच नाही" असेल तर आईचा चेहरा कसा होतो ते त्याला माहीत असतं. त्याऐवजी त्यानं जे पाहिलं असेल ते विचारा. "आज सगळ्यात जोरात कोण धावलं?" "बाई कुणाला रागावल्या?" "कुणाची पेन्सिल हरवली?" न बोलणाऱ्या मुलांकडे वर्गाची खडान्‌खडा बातमी असते. दुसरा उपाय म्हणजे एका कागदावर वर्ग काढायला सांगायचा : दार कुठे, फळा कुठे, कोण कुठे बसतं, तू कुठे. स्वतःला काढायचं विसरणं, किंवा अगदी कोपऱ्यात बारकंसं काढणं, यावरून लगेच निष्कर्ष काढू नका. वहीत टिपा आणि पुढे चला.

हे सगळं शाळा सुटल्या सुटल्या मात्र नको. दिवसभर सावध राहिलेल्या मुलाला पहिला अर्धा-पाऊण तास काही विचारलेलं सोसत नाही. काही जण त्या वेळी घरी येऊन क्षुल्लक कारणावरून रडून घेतात, तेही होऊ द्यावं.

पायरी २ : हे एकटेपण कोणत्या जातीचं?

अमेरिकेतल्या मिल्ड्रेड पार्टेन यांनी लहान मुलांच्या खेळाचं निरीक्षण करून १९३२ साली त्याचे सहा प्रकार मांडले. काहीच न करता वावरणं, एकट्यानं खेळणं, बाजूला उभं राहून बघणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, देवाणघेवाण करत पण आपल्या मर्जीनं खेळणं, आणि शेवटी ठरवून, कामं वाटून घेऊन खेळणं. ही वयानुसार चढायची शिडी आहे असं बराच काळ मानलं गेलं. नंतरच्या अभ्यासांतून दिसलं की मोठी मुलंही आनंदानं एकटी खेळतात, आणि शेजारी बसून आपापलं खेळणं हा गटात शिरण्याआधीचा उंबरठा ठरतो. म्हणून साडेतीन वर्षांचं मूल नुसतं उभं राहून बघत असेल तर त्याचं काही बिघडलेलं नाही. बघणं हेच त्याचं त्या वेळचं काम आहे.

त्यापुढच्या वयात मात्र एकटेपणाची जात ओळखावी लागते, कारण एकावरचा उपाय दुसऱ्याला अपाय करतो.

पहिल्या जातीच्या मुलाला मनातून खेळायचं असतं, पण धीर होत नाही. ते खेळाच्या कडेला घुटमळतं. दोन पावलं पुढे, एक मागे. हातात काहीतरी खेळणं असतं पण लक्ष त्यात नसतं, नजर सतत गटाकडे. कपड्याचं टोक चावलं जातं, बोटांशी चाळा चालतो. घरी आल्यावर हेच मूल बाहुल्यांना ओळीत बसवून अख्खी शाळा भरवतं, बाईंच्या आवाजासकट. ओढ आणि भीती यांची ही रस्सीखेच असते.

दुसरं मूल मनापासून एकटं रमतं. गटाकडे पाठ, हातातल्या कामात गुंग. कुणी शेजारी येऊन बसलं तर सरकून जागा देतं, थोडं बोलतं, खेळतंही, आणि ते गेलं की पुन्हा आपल्या कामाला लागतं. बोलावल्यावर विशेष ताण न घेता येतं का, ही याची परीक्षा. येत असेल तर त्याला त्याच्या सुखात राहू द्या. सगळ्यांना गोतावळा हवाच असतो असं नाही. मोठेपणी आपणही एखाद्या समारंभात एक शांत खुर्ची शोधतोच की!

तिसऱ्या प्रकारात मूल बाजूला पडलेलं असतं. ते गटाकडे जातं आणि गट पाठ फिरवतो. इथेही दोन तऱ्हा आहेत. काही मुलं इतरांना नको असतात आणि काही कुणाच्या लक्षातच येत नाहीत. 'तुला कोण आवडतं, कोण आवडत नाही' असं मुलांना विचारून केलेल्या अभ्यासांत हा फरक १९८२ पासून नीट मांडला गेला आहे. नावडत्या मुलाचं नाव नकोच्या यादीत असतं, लक्षात न आलेल्याचं दोन्ही याद्यांत नसतं. मूल बाजूला पडलं असेल तर काम मुख्यतः वर्गावर करायचं आहे. ज्याला खेळात घेत नाहीत त्यालाच "तू धीट हो" म्हणून सांगणं हा अन्याय आहे, आणि तो मीही केलेला आहे.

चौथ्या प्रकारात मूल माणसांपासून सक्रियपणे पळतं. जवळ गेलं की अंग चोरतं, एकटं असतानाही उदास दिसतं, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही जीव नसतो. इथे आपली वही घेऊन तज्ज्ञाकडे लवकर जावं.

एकाच मुलात दोन प्रकार मिसळलेले असू शकतात. बुजरं मूल घुटमळताना दिसलं की इतर त्याला टाळायला लागतात, आणि टाळलं गेलं की ते आणखी बुजतं.

स्वभावाचा भाग यात किती? अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या पतिपत्नींनी १९५६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या दीर्घ अभ्यासात साधारण १५ टक्के बाळं 'हळूहळू रुळणारी' आढळली. नव्या माणसाला, जागेला ती आधी मागे सरून भेटायची आणि वेळ मिळाला की सरावायची. मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांच्या कामातही असंच दिसलं : नव्या आवाजाला, वासाला जोरात बिथरणारी बाळं पुढे जास्त बुजरी होण्याची शक्यता असते, पण सगळी तशी होत नाहीत. या मुलांना रुळायला जो वेळ लागतो, तो शाळेच्या वेळापत्रकात कुठेच धरलेला नसतो.

पायरी ३ : कान, डोळे, भाषा आणि न बोलण्याची इतर कारणं

ही पायरी थोडक्यात उरकता येते, पण टाळता येत नाही.

कान आधी तपासा. लहान वयात सर्दीपाठोपाठ कानाच्या पडद्यामागे चिकट द्रव साठणं अगदी सर्रास होतं. दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं. घरच्या शांततेत असं मूल व्यवस्थित बोलतं आणि तीस मुलांच्या गलक्यात हरवतं. मग आपण म्हणतो, 'घरी बडबडा, शाळेत घुमा'. हाक मारताना त्याचं तोंड तुमच्याकडे असेल तरच ते ओ देतं का, हे पाहा आणि शंका आली तर श्रवणचाचणी करून घ्या. डोळ्यांचंही तसंच. लांबचा चेंडू दिसत नसेल तर मूल मैदानात उतरणार कसं?

शाळेची भाषा घरच्या भाषेहून वेगळी असेल तर काही महिने मूल गप्प राहू शकतं. त्या काळात ते ऐकत असतं, शब्द साठवत असतं. खुणा समजून काम करतंय, घरच्या भाषेत पूर्वीसारखंच बोलतंय, तर धीर धरा.

घरी मोकळेपणानं बोलणारं मूल शाळेत मात्र एक शब्दही काढत नसेल आणि हे महिनाभराहून जास्त चाललं असेल, तर 'सिलेक्टिव्ह म्युटिझम'चा विचार व्हायला हवा. शाळेचा पहिला महिना यात धरत नाहीत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत याची गणना चिंतेच्या विकारांत केली आहे, आणि ते फार महत्त्वाचं आहे. हे मूल हट्टानं तोंड मिटून बसलेलं नसतं, भीतीनं त्याची वाचाच बसते. बक्षिसाच्या आमिषानं किंवा 'बोललीस तरच मिळेल' अशा अडवणुकीनं गाठ आणखी घट्ट होते. उपचार लवकर सुरू झालेले बरे.

बोट दाखवून "ते बघ" म्हणत आपला आनंद वाटून न घेणं, लटुपुटूचा खेळ न खेळणं, नावानं हाक मारल्यावर न वळणं, घरच्या माणसांतही असंच असणं, आवाज-स्पर्श यांचा अतोनात त्रास होणं : यांपैकी बऱ्याच गोष्टी एकत्र दिसत असतील तर बालरोगतज्ज्ञांना किंवा बालविकासतज्ज्ञांना दाखवा. या खुणा ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) असू शकतात. ऑटिझम असणं म्हणजे मुलाला मित्र नकोत असा अर्थ नव्हे, त्याला पूल वेगळ्या पद्धतीनं बांधावा लागतो इतकंच.

आणि एक गोष्ट कुठल्याच तक्त्यात नसते. बाईंना "शू लागली" सांगता येत नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणारी मुलं मी पाहिली आहेत. लघवी दाबून बसलेल्या मुलाकडून खेळाची अपेक्षा काय करायची? भरलेली पाण्याची बाटली रोज तशीच परत येत असेल तर बाईंशी बोलून एक खूण ठरवा : टेबलावर ठेवायचा लाल ठोकळा, किंवा दोन बोटं. माझ्या एका विद्यार्थिनीचं निम्मं 'न मिसळणं' या ठोकळ्यानं सुटलं.

पायरी ४ : गुण क्रियापदांत लिहा

आता वही उघडा आणि दोन आठवड्यांच्या नोंदींतली क्रियापदं अधोरेखित करा. सरकवतो, मोजते, लावून ठेवते, फिरवून बघतो, पुसते, ऐकतो, लपवून ठेवते. 'हुशार', 'कलाकार', 'संवेदनशील' हे शब्द प्रगतीपुस्तकात शोभून दिसतात, पण उद्या सकाळी वर्गात त्यांचं काय करायचं ते त्यांतून कळत नाही. 'एका जागी बसून वस्तू आकारानं लावते आणि कुणी विसकटलं तर न चिडता परत लावते' हे कळलं की लगेच काम सुचतं.

माझ्या लेखी खरं बलस्थान ओळखायच्या तीन खुणा आहेत. कुणी न सांगता मूल त्याकडे पुन्हा पुन्हा जातं. त्यात चुकलं तरी सोडून देत नाही. आणि त्या वेळी त्याचं अंग सैल असतं, खांदे खाली आलेले असतात. तिसरी खूण मी सगळ्यांत जास्त मानते. पाढे घडाघडा म्हणणाऱ्या मुलाचे खांदे कानापर्यंत चढलेले असतील तर ती त्याची कला आहे, विसाव्याची जागा नव्हे. पूल विसाव्याच्या जागेवरूनच बांधता येतो.

मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये मांडलेली बहुविध बुद्धिमत्तेची, म्हणजे बुद्धी एक नसून अनेक प्रकारची असते ही, कल्पना पालकांत फार लोकप्रिय आहे. बुद्धी एकाच मापानं मोजू नये, हे तिच्यामुळे घराघरांत पोचलं, याबद्दल तिचे आभारच. पण मानसशास्त्रज्ञांत तिच्याविषयी बरेच मतभेद आहेत, आणि दहा प्रश्नांत 'तुमच्या मुलाची बुद्धिमत्ता कोणती' सांगणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवण्याचं कारण नाही. वही फुकट असते आणि जास्त खरं बोलते.

गप्प मुलांचे काही गुण सहज नजरेतून सुटतात. लक्षात ठेवणं : कुणाचा रुमाल कुठला, कुठली चावी कुठल्या कपाटाची. नियम पाळणं आणि दुसऱ्यानं मोडला तर अस्वस्थ होणं. रडणाऱ्या मुलाशेजारी काही न बोलता जाऊन उभं राहणं. हा शेवटचा गुण मला वर्गातल्या सगळ्या गुणांत मोठा वाटतो, आणि त्याला कुठल्याच परीक्षेत गुण नसतात.

पायरी ५ : एक भिडू, एक काम, थोडा वेळ

इथे बहुतेकांची गाडी घसरते. मुलाचा गुण सापडला की आपण त्याला उभं करतो. चित्र छान काढते? चला, सगळ्यांना दाखव. गोष्टी पाठ आहेत? ये पुढे, सांग. माझ्या वर्गातली एक मुलगी कागदाच्या घड्या इतक्या नेटक्या घालायची की मी कौतुकानं तिला टेबलावर उभं करून वर्गाला करून दाखवायला लावलं. तिनं पुढचे तीन आठवडे वर्गात कागदाला हात लावला नाही. तिचा निवारा मी चव्हाट्यावर आणला होता.

गुण लोकांपुढे मिरवू नका, तो दोघांच्या मधे ठेवा.

म्हणजे असं. त्या मुलाच्या आवडीचं, दोघांनी मिळूनच होईल असं काम शोधा. एकानं धरायचं, दुसऱ्यानं बांधायचं. एकानं मोजायचं, दुसऱ्यानं मांडायचं. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी-शेजारी बसणं बरं, कारण नजर एकमेकांवर न राहता कामावर राहते आणि बोलणं आपोआप तुकड्या-तुकड्यांत सुरू होतं : "इकडे दे", "हे नाही, ते". मैत्रीची सुरुवात बहुधा अशाच फालतू वाक्यांनी होते. दहा-पंधरा मिनिटं पुरे. मजा येत असतानाच थांबवा, म्हणजे उद्याची ओढ राहते.

भिडू कोण निवडायचा? वर्गातला सगळ्यात बोलका, समजूतदार, 'सगळ्यांना सांभाळून घेणारा' मुलगा आपल्याला लगेच सुचतो. मला तो फारसा पटत नाही. तो सगळं बोलून टाकतो, सगळं करून टाकतो, आणि आपलं मूल त्याच्या सावलीत आणखी गप्प होतं. शांत पण मोकळं, आवड जुळणारं मूल शोधा. शक्य असेल तर वयानं लहान. फर्मन, राहे आणि हार्टप यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेला एक छोटा, सुंदर प्रयोग आहे. शाळापूर्व वयाच्या २४ एकलकोंड्या मुलांपैकी काहींना त्यांच्याहून वर्ष-दीड वर्षानं लहान मुलाबरोबर, काहींना समवयस्काबरोबर खेळाची दहा सत्रं दिली, काहींना काहीच नाही. नंतर वर्गात पाहिलं तर लहान मुलांबरोबर खेळलेली मुलं सगळ्यात जास्त खुलली होती. लहानग्यासमोर पुढाकार घ्यावाच लागतो, आणि तो चुकला तरी समोरचा हसत नाही.

याच्या जोडीला खेळात शिरायची युक्ती शिकवावी लागते. "जा, त्यांना विचार, मला खेळायला घ्याल का?" हा आपला नेहमीचा सल्ला. पण चालू खेळ थांबवून असं विचारलं की उत्तर बऱ्याचदा "नाही" येतं. मुलांनी विचारलेल्या परवानगीला मुलं सहज नकार देतात, त्यात दुष्टपणा असतोच असं नाही, खेळ मोडायचा नसतो इतकंच. खेळात सहज सामावली जाणारी मुलं काय करतात ते बघा. ती आधी जवळ उभी राहून खेळ काय आहे ते समजून घेतात. मग शेजारीच तेच करायला लागतात. मग खेळाला उपयोगी पडेल अशी वस्तू किंवा वाक्य पुढे करतात. ठोकळ्यांचा पूल चाललाय, तर "मी गाडी आणलीये, पुलावरून जाणार आहे." यातली पहिली पायरी, बघण्याची, आपल्या बुजऱ्या मुलाला आधीच उत्तम जमते. दुसरी-तिसरी घरी बाहुल्या घेऊन, तुम्ही 'गट' होऊन, पाच-सात वेळा खेळून दाखवा. मधूनच नकारही द्या, आणि नकार आल्यावर दुसरीकडे कसं वळायचं तेही खेळा.

पायरी ६ : बाईंशी काय बोलायचं

"जरा लक्ष द्या हो त्याच्याकडे" असं मोघम सांगितलं तर बाई त्याला सगळ्यांसमोर जास्त प्रश्न विचारायला लागतात, आणि मूल आणखी आक्रसतं. त्यापेक्षा वही दाखवा आणि दोन-तीनच नेमक्या गोष्टी मागा.

सकाळी पाच मिनिटं आधी वर्गात येऊ द्याल का? रिकाम्या वर्गात एकेक मूल येताना पाहणं आणि भरलेल्या, गोंगाटाच्या वर्गात शिरणं यांत बुजऱ्या मुलासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. रोजचं एक ठरलेलं काम द्याल का : खडू वाटणं, पुस्तकं लावणं? काम हातात असलं की चारचौघांत वावरायला कारण मिळतं. आणि प्रश्न विचारल्यावर थोडं थांबाल का? मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतली संभाषणं तपासली तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं आढळलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद. मी घड्याळ लावून करून पाहिलं, ते भयंकर लांब वाटतात.

बोलण्याचीही शिडी करता येते. आधी मान हलवून उत्तर, मग बोट दाखवून, मग शेजारच्या भिडूच्या कानात, मग बाईंच्या कानात, मग दोघांनी मिळून मोठ्यानं. एका पायरीवर आठवडाभर राहिलं तरी हरकत नाही. पहिल्यांदा आवाज फुटला तर "अरे वा! टाळ्या!" करू नका. तो नेहमीच बोलत असल्यासारखं पुढचं वाक्य बोला. आम्हा मोठ्यांच्या आनंदानं बिथरलेली मुलं मी पाहिली आहेत.

बाजूला पडलेल्या मुलासाठी मात्र बाईंना वर्गाचे नियम हलवायला सांगावं लागतं. "जोडीदार निवडा" बंद करून जोड्या चिठ्ठीनं पाडायच्या. कप्तानानं एकेक भिडू निवडायचा आणि शेवटी एक मूल उरायचं, हा प्रकार तर कायमचा बंद. चिडवाचिडवी, ढकलाढकली असेल तर ती थांबवणं मोठ्या माणसांचं काम आहे, मुलाच्या धिटाईची परीक्षा नव्हे.

पायरी ७ : घरी

पाहुणे येतात, मुलाला नाव विचारतात, मूल तुमच्या पाठीशी लपतं आणि तुम्ही म्हणता, "लाजाळू आहे ती." तो शब्द ती ऐकते. चार-पाचदा ऐकल्यावर तो तिच्या नावासारखा तिला चिकटतो. "तिला थोडा वेळ लागतो, मग बोलेल" असं म्हणा. खरंही आहे, आणि दार उघडं राहतं.

तिच्या वतीनं उत्तर देण्याची सवय सोडणं जास्त अवघड. तीन सेकंदांचा नियम इथेही लावा. त्यानंतरही उत्तर आलं नाही तर पर्याय द्या : "हे हवं का ते? दाखव." दरवेळी सुटका केली की भीतीला वाटतं, बरोबरच होतं आपलं. केगन यांच्या बुजऱ्या बाळांतही सतत पाठीशी घातलेल्यांपेक्षा झेपेल एवढं नवं काही करायला लावलेल्या बाळांची भीती जास्त ओसरलेली दिसली. झेपेल एवढं, हे शब्द मात्र विसरू नका. पोहायला शिकवताना खोल पाण्यात ढकलून देणारी पद्धत इथे चालत नाही.

भावंडाशी किंवा शेजारच्या मुलाशी तुलना करू नका, हे सांगायची गरज नसावी. तरी सांगते, कारण तोंडातून निसटतं.

किती दिवस, आणि पुढे काय

भिडू आणि काम ठरल्यावर सहा ते आठ आठवडे द्या आणि मग वहीतलं पहिलं आणि शेवटचं पान शेजारी ठेवा. 'मित्र किती झाले' हे मोजू नका. कडेपासून गट किती पावलांवर आहे, एका नकारानंतर पुन्हा किती वेळानं प्रयत्न करतो, घरी सांगताना एखाद्या मुलाचं नाव आपणहून येतं का, ते पाहा. एका मुलाशी पक्की गट्टी जमली तरी या वयात भरपूर झालं. त्या एका मैत्रीची ढाल बरंच काही अडवते.

काहीच हललं नाही, किंवा झोप, भूक, शी-शूच्या सवयी बिघडल्या, सकाळी पोटात दुखणं रोजचं झालं, आधी येत असलेलं बोलणं कमी झालं, तर वाट पाहत बसू नका. बालरोगतज्ज्ञ, मग गरजेनुसार बालमानसतज्ज्ञ किंवा वाचा-श्रवणतज्ज्ञ. वही सोबत न्या. दहा मिनिटांच्या भेटीत तज्ज्ञांना जे दिसणार नाही ते तिच्यात असतं.

वर्ष संपताना एक काम हमखास राहून जातं. वर्ग बदलतो, बाई बदलतात, आणि रुळलेलं मूल पुन्हा भिंतीच्या कडेला जाऊन बसतं. म्हणून नव्या बाईंसाठी अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहून द्या. मुंग्यांवाल्या मुलासाठी मी लिहिलेली साधारण अशी होती :

"पहिले पंधरा दिवस फक्त बघेल, बघू द्यावं. सगळ्यांसमोर नाव घेऊन उभं करू नये. खेळाचे नियम आणि गुण अचूक लक्षात ठेवतो. वादात त्याला 'किती झाले?' विचारलं तर हळू आवाजात बरोबर आकडा सांगतो, आणि मुलं आता तो मानतात. खालच्या वर्गातल्या एका मुलीबरोबर भिंतीपाशी मुंग्या बघतो, त्यांची सुट्टी एकाच वेळी ठेवता आली तर पाहावं. 'शू'साठी लाल ठोकळा वापरतो, तो सोबत दिला आहे. पाऊस आला की मुंग्या दिसत नाहीत, त्या दिवशी त्याला सुट्टीत काहीतरी मोजायला द्यावं."